डॉक्टरसाहेब, दोन्ही हातांचे बी.पी. बघता का?

छातीत कळ आली की आपल्या घरात पहिला शब्द निघतो तो ‘गॅस’. मग लिंबू-सोडा होतो, ओवा चावायला दिला जातो, पाठीला तेल चोळले जाते. त्याने उतार पडला नाही की दुसरा शब्द निघतो तो ‘अॅटॅक’. तिसरा शब्द मात्र आपल्याला ठाऊक नसतो. त्या तिसऱ्या दुखण्याविषयी आज आम्ही लिहीत आहोत. हे दुखणे हृदयाचे नाही, हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीचे, म्हणजे महाधमनीचे आहे. डॉक्टर त्याला ‘अॅओर्टिक डिसेक्शन’ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर महाधमनी आतून उसवणे.

हे दुखणे विरळ आहे. पाश्चात्त्य देशांतील नोंदींनुसार वर्षाला लाखात तीन-चार माणसांना ते होते. मग भोर-वेल्ह्याच्या शेतमजुराने, एस.टी.ने पुण्याला कामावर जाणाऱ्या कामगाराने, आवणात वाकलेल्या बाईने हे का वाचावे? कारणे दोन. पहिले, याचे मूळ बहुतेक वेळा वाढलेल्या ब्लडप्रेशरमध्ये असते, आणि ते विरळ नाही. ते घरोघर आहे. दुसरे, हा रोग तासांवर माणूस नेतो, आणि आपल्या डोंगरातले रस्तेही तासांतच मोजावे लागतात.

गोधडीचा आतला पदर

आपल्या आया-आज्या गोधडी शिवतात तेव्हा वरचा पदर, खालचा पदर आणि मधे जुन्या लुगड्यांचा थर असतो. महाधमनीची भिंतही अशीच तीन थरांची असते. ही नळी साधारण अंगठ्याएवढी जाड. हृदयातून ती वर निघते, गळ्याच्या खाली काठीच्या मुठीसारखी वळते आणि पाठीच्या कण्याला लागून पोटात उतरते. मेंदू, हात, मूत्रपिंडे, आतडी, पाय या सगळ्यांना रक्त पुरवणाऱ्या फांद्या तिच्यातूनच फुटतात. खुद्द हृदयाला रक्त देणाऱ्या दोन वाहिन्याही तिच्या अगदी मुळाशी निघतात.

हृदय दिवसाला सुमारे एक लाख ठोके देते. प्रत्येक ठोक्याला रक्ताचा दणका या भिंतीवर बसतो. ब्लडप्रेशर वर्षानुवर्षे वाढलेले राहिले की आतला पदर विरतो आणि एखाद्या दिवशी फाटतो. रक्त त्या फटीतून मधल्या थरात शिरते आणि टाका उसवत जावा तसे थर एकमेकांपासून सुटत जातात. एका नळीच्या दोन नळ्या होतात, एक खरी आणि एक खोटी. खोट्या नळीने ज्या फांदीचे तोंड दाबले तो अवयव उपाशी पडतो. मेंदूची फांदी दाबली तर लकवा, पायाची दाबली तर पाय गार, आतड्याची दाबली तर पोटात मरणाची कळ. हृदयाचीच फांदी दाबली तर खराखुरा हार्ट अॅटॅक येतो. आणि बाहेरचा पदरही फाटला तर काही मिनिटांत सारे संपते.

कळ कशी ओळखावी

हार्ट अॅटॅकची कळ बहुधा हळूहळू चढते. छातीवर कोणी दगड ठेवल्यासारखी जड वाटते. महाधमनी उसवल्याची कळ एका क्षणात, पहिल्याच झटक्याला शिगेला पोहोचते. किती वाजता सुरू झाली ते रोगी मिनिटासकट सांगतो. काही तर म्हणतात, ‘आत काहीतरी टरकन फाटले.’ ती छातीत असते, पाठीत दोन्ही फऱ्यांच्या मधे असते, किंवा छातीतून पाठीत आणि पाठीतून पोटात सरकत जाते. सोबत घाम, घेरी, उलटी, बोबडी वळणे, एका हाताला किंवा पायाला मुंग्या, पायातली ताकद जाणे, यांपैकी काहीही असू शकते.

सगळ्यांनाच असे ठरावीक दुखत नाही. काही जण फक्त बेशुद्ध पडतात. तरीही १९९६ साली सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय नोंदीत पहिल्या ४६४ रुग्णांचा हिशेब २००० साली प्रसिद्ध झाला, त्यात शंभरातल्या पंच्याऐंशी रुग्णांची कळ अशी अचानक सुरू झालेली होती. आणि शंभरातल्या बहात्तरांना आधीपासून ब्लडप्रेशर होते. या दोन आकड्यांत आपल्याला हवे ते सगळे आहे. ब्लडप्रेशरचा माणूस आणि एकाएकी उठलेली भयंकर कळ, ही जोडी दिसली की घरात थांबायचे नाही. आवणात दिवसभर वाकून पाठ दुखणे वेगळे आणि ही कळ वेगळी. कामाची पाठ संध्याकाळपर्यंत हळूहळू भरून येते. ही कळ वीज पडावी तशी येते.

अशा वेळी तेल चोळू नये, चालवू नये, जेवू घालू नये. घरात कोणाच्या तरी नावाने आणलेली रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने देऊ नये. हार्ट अॅटॅकमध्ये तीच गोळी जीव वाचवते, इथे ती घात करू शकते. कोणती वेळ कोणती आहे, हे ठरवण्याचे काम डॉक्टरांचे.

पहिल्या दारी विचारायचा प्रश्न

आता आपण दवाखान्याच्या दारात आहोत. भोरचे उपजिल्हा रुग्णालय असो, वेल्ह्याचे ग्रामीण रुग्णालय असो की वाटेवरचे प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथल्या डॉक्टरांकडे छातीत दुखणारे रोज येतात. त्यांत महाधमनी उसवलेला रोगी वर्षानुवर्षांत एखादा. म्हणून त्यांच्या मनात पहिला विचार हार्ट अॅटॅकचा येतो, आणि तो यायलाही हवा. ई.सी.जी. काढला जातो. तो साफ आला तर ‘गॅस आहे’ म्हणून घरी पाठवले जाण्याचा धोका. तो बिघडलेला आला तर अॅटॅक समजून रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले जाण्याचा धोका. उसवलेल्या धमनीत ते इंजेक्शन म्हणजे आगीत तेल.

इथे घरच्या माणसाने एक वाक्य बोलायचे आहे. ‘डॉक्टरसाहेब, कळ एकदम आली, पाठीत गेली, यांना बी.पी. आहे. दोन्ही हातांचे बी.पी. बघता का?’

हे विचारायला पैसा लागत नाही आणि तपासायला नवे यंत्र लागत नाही. बी.पी.चा पट्टा प्रत्येक आरोग्य केंद्रात असतो. तो आधी एका हाताला बांधायचा, मग दुसऱ्या. वरच्या आकड्यात वीसपेक्षा जास्त फरक निघाला, किंवा एका मनगटाची नाडी लागते आणि दुसऱ्याची लागत नाही असे झाले, तर एका हाताकडे जाणारी फांदी दाबली गेल्याचा दाट संशय येतो. मात्र हा फरक सगळ्यांत सापडत नाही. वर सांगितलेल्या नोंदीत नाडीतला फरक शंभरातल्या पंधरांनाच आढळला. म्हणून हे लक्षात ठेवा: फरक सापडला तर संशय पक्का, नाही सापडला तर संशय कायम. छातीच्या एक्स-रेचेही तसेच. धमनीची सावली रुंद दिसली तर खूण मिळाली; पण त्या नोंदीत शंभरातल्या बारांचा एक्स-रे साफ होता.

मग या प्रश्नाचा उपयोग काय? उपयोग असा की, तो प्रश्न ऐकला की डॉक्टरांच्या मनात तिसरा शब्द उभा राहतो. रोग विरळ असला की तो आठवणे हेच अर्धे निदान असते. पुढचे अर्धे निदान सी.टी. स्कॅन करतो. हाताच्या शिरेतून औषध सोडून काढलेला सी.टी. अँजिओग्राम काही मिनिटांत धमनी कुठून कुठवर उसवली ते दाखवतो. रोग्याला हलवणे शक्य नसेल तर अन्ननलिकेतून नळी घालून केलेली इको तपासणीही उपयोगी पडते.

अशी चूक खेड्यातच होते असा समज कोणी करून घेऊ नये. जोनाथन लार्सन हा न्यूयॉर्कचा नाटककार १९९६ च्या जानेवारीत छातीतल्या कळा घेऊन त्याच शहरातल्या दोन इस्पितळांत गेला. दोन्हीकडून त्याला किरकोळ दुखणे सांगून घरी पाठवले. २५ जानेवारीला तो गेला, वय अवघे ३५. महाधमनी उसवली होती. जगातल्या श्रीमंत शहरात जे हुकले ते आपल्याकडेही हुकू शकते. म्हणून रोग्याच्या माणसाने गप्प बसायचे नाही. आदराने विचारायचे, पण विचारायचे.

पानशेतची पोती

निदान झाले की पहिला उपाय सुरू होतो तो कळ थांबवण्याचा आणि दाब उतरवण्याचा. शिरेतून औषधे देऊन नाडी मिनिटाला साठच्या खाली आणि वरचे बी.पी. शंभर ते एकशेवीसच्या दरम्यान आणतात. प्रत्येक ठोक्याचा दणका सौम्य झाला की उसवण्याचा वेग मंदावतो.

वेल्हे तालुक्यातल्या जुन्या माणसांना हा उपाय एका गोष्टीने चटकन कळेल. १९६१ च्या जुलैत पानशेतचा बांध खचू लागला तेव्हा लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून तो धरून ठेवला. धरण फुटले ते १२ जुलैच्या सकाळी, उजेड झाल्यावर. पोत्यांनी धरण वाचले नाही, पण माणसांना पळायला वेळ मिळाला. बी.पी. उतरवणारी औषधे ही तशी पोती आहेत. ती तास मिळवून देतात. मिळालेल्या तासांत काय करायचे, हे फाटलेली जागा ठरवते.

त्यासाठी डॉक्टर या रोगाचे दोन प्रकार पाडतात. हृदयाजवळचा वर चढणारा भाग उसवला असेल तर तो ‘ए’ प्रकार. त्याला तातडीची शस्त्रक्रिया हाच उपाय. तो भाग शाबूत असून फक्त पाठीमागून उतरणारा भाग उसवला असेल तर तो ‘बी’ प्रकार. त्यात बहुतेकांना औषधांवर सांभाळता येते. एखाद्या अवयवाचा रक्तपुरवठा तुटला किंवा धमनी फुटण्याच्या बेतात असली तर जांघेतून जाळीदार नळी सरकवून आतून आधार देतात. ‘ए’ प्रकारात शस्त्रक्रिया झाली नाही तर पहिल्या दोन दिवसांत दर तासाला शंभरातले एक-दोन रोगी जातात असा जुना हिशेब आहे. अलीकडच्या नोंदीत तो तासाला अर्ध्या टक्क्यावर आला आहे. तरीही तो तासांचाच हिशेब आहे.

शिवणयंत्रावरची नळी

या शस्त्रक्रियेच्या मुळाशी एक शिवणारा माणूस आहे. डॉ. मायकेल डीबेकी हे लेबनॉनहून अमेरिकेत आलेल्या कुटुंबातले. आईने त्यांना लहानपणी शिवण शिकवले होते. १९५० च्या दशकात धमनीला जोड द्यायला कापड हवे म्हणून ते ह्यूस्टनच्या एका दुकानात नायलॉन आणायला गेले. नायलॉन संपले होते, म्हणून डेक्रॉन नावाचे नवे कापड घेऊन आले आणि बायकोच्या शिवणयंत्रावर त्याची नळी शिवली. उसवलेल्या महाधमनीवरची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया त्यांनी व त्यांच्या साथीदारांनी १९५४ साली केली. आजही फाटलेल्या भागाच्या जागी डेक्रॉनचीच नळी बसते.

नियती अशी की ३१ डिसेंबर २००५ रोजी, वयाच्या ९७ व्या वर्षी, खुद्द डीबेकींचीच महाधमनी उसवली. ते शस्त्रक्रियेला तयार नव्हते. शेवटी फेब्रुवारी २००६ मध्ये त्यांच्यावर तीच शस्त्रक्रिया झाली जी त्यांनी जगाला शिकवली होती. ते बरे झाले आणि ११ जुलै २००८ पर्यंत जगले.

शस्त्रक्रियेत छातीचे हाड मधोमध उघडतात. हृदयाचे आणि फुप्फुसांचे काम काही तास यंत्राकडे सोपवतात. शरीर थंड करतात, म्हणजे थोडा वेळ रक्तप्रवाह थांबवला तरी अवयव तग धरतात. मेंदूकडे वेगळ्या नळीने रक्त चालू ठेवता येते. मग फाटका भाग कापून तिथे कापडी नळी शिवतात. मुळाशी असलेली झडप बिघडली असेल तर तीही दुरुस्त करतात किंवा बदलतात. सहा-आठ तास लागतात, रक्ताच्या बाटल्याही पुष्कळ लागू शकतात. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपल्या वस्त्यांत रक्तदान होते, ते रक्त कोणाच्या उपयोगी पडते याचे हे एक उत्तर.

शस्त्रक्रिया जोखमीची आहे, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्या पहिल्या नोंदीत ‘ए’ प्रकारच्या ज्यांची शस्त्रक्रिया झाली त्यांतले शंभरात २६ इस्पितळात गेले. पण ज्यांची झाली नाही त्यांतले ५८ गेले. पुढच्या वर्षांत शस्त्रक्रियेतला आकडा १८ पर्यंत उतरला. म्हणून ‘एवढे मोठे ऑपरेशन नको, घरी नेऊ’ असे म्हणण्यापूर्वी हे आकडे समोर ठेवावेत.

हिरडस मावळातून पुण्याला

२० मार्चला महाडला जाताना भोरवरून वरंधा घाट उतरलेल्या आपल्या लोकांना हा मुलूख ठाऊक आहे. भाटघरच्या पाण्याच्या वरची वेळवंड खोऱ्यातली गावे, नीरा-देवघरच्या पलीकडचे हिरडस मावळ, तोरणा-राजगडाच्या कुशीतले वेल्हे, म्हणजे नव्या नावाने राजगड तालुका. भोरहून कापूरव्होळ गाठून आणि वेल्ह्याहून नसरापूरमार्गे हमरस्त्याला लागायचे, पानशेतकडच्यांनी खडकवासल्यावरून उतरायचे. भोर ते पुणे पन्नासएक किलोमीटर. पण वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट कोणी मोजत नाही, आणि पावसाळ्यात तीच सर्वांत लांब असते.

म्हणून क्रम पाठ करावा. कळ उठताच १०८ ला फोन. महाराष्ट्रात ही मोफत रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. फोनवर ‘छातीत एकदम कळ, पाठीत गेली, बी.पी. आहे’ एवढे स्पष्ट सांगावे. जवळच्या सरकारी दवाखान्यात ई.सी.जी., दोन्ही हातांचे बी.पी. आणि दाब उतरवण्याचे औषध मिळवावे. संशय असेल तर तिथेच डॉक्टरांना विनंती करावी की, जिथे सी.टी. स्कॅन आणि हृदयाची शस्त्रक्रिया दोन्ही होतात अशा पुण्यातल्या इस्पितळाला आधी फोन करून मग पाठवा. एका इस्पितळातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरण्यात जे तास जातात तेच जीव घेतात. पाठवणीच्या चिठ्ठीवर कळ सुरू झाल्याची वेळ आणि दोन्ही हातांचे आकडे लिहून घ्यावेत.

पैशाचे काय?

हा प्रश्न कष्टकरी घरात सर्वांत आधी येतो. शस्त्रक्रियेचा खर्च काही लाखांच्या घरात जातो. त्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. हृदयाच्या आणि मोठ्या रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रिया तिच्यात आहेत आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. योजनेतल्या इस्पितळात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला रेशनकार्ड आणि आधार दाखवावे. तातडीच्या वेळी कागद नंतर आणून देता येतात. कोणते इस्पितळ योजनेत आहे हे १५५३८८ या क्रमांकावर विचारता येते. धर्मादाय इस्पितळांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, आणि तातडीच्या रोग्याला अनामत रकमेसाठी अडवता येत नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घरात काढून ठेवलेला असावा.

हा कोणाचा उपकार नाही. १९९२ साली बंगालमध्ये हकीम शेख हा शेतमजूर आगगाडीतून पडला. डोक्याला जबर मार लागला असताना त्याला कलकत्त्यातल्या एकामागून एक सरकारी इस्पितळांनी ‘जागा नाही’ म्हणून परत पाठवले. शेतमजुरांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. ६ मे १९९६ रोजी न्यायालयाने निकाल दिला की, तातडीचे उपचार नाकारणे म्हणजे संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे. दारातून परत पाठवले जाणे काय असते हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. इस्पितळाच्या दारात हे कलम आपल्या बाजूने उभे आहे, एवढे ध्यानात असू द्यावे.

उसवण्याआधीचा टाका

एवढे सगळे सांगून झाल्यावर सर्वांत स्वस्त उपाय राहतो. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने बी.पी. मोजावे. आरोग्य केंद्रात ते फुकट मोजतात आणि गोळ्याही मिळतात. ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळी सोडू नये, बी.पी. दुखत नाही, म्हणूनच ते फसवते. विडी, तंबाखू, मिसरी सुटली पाहिजे, कारण तंबाखूतले निकोटीन नाडी आणि दाब दोन्ही चढवते. लोणचे-पापड-खारवलेल्या मासळीतले मीठ कमी करावे. घरात आई, बाप, भाऊ किंवा बहीण यांच्यापैकी कोणाची महाधमनी उसवली असेल, फुगलेली असेल, कोणी तरुणपणीच अचानक गेले असेल, किंवा कोणी अंगाने फार उंच व लांबसडक बोटांचे असेल, तर सख्ख्यांनी एकदा इको तपासणी करून घ्यावी. अशा घरातल्या गरोदर बाईने तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगावे.

शस्त्रक्रियेतून उठलेल्या माणसालाही गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, ठरल्या वेळी पुन्हा स्कॅन करावा लागतो आणि जड ओझे उचलणे सोडावे लागते. हमालाला, गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्याला हे कठीण आहे. तेव्हा घरच्यांनी त्याच्या हातातले पोते काढून घ्यावे, त्याच्या माथी आळस मारू नये.

या पानातले दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी चालेल. ब्लडप्रेशरच्या गोळ्यांच्या पाकिटाशेजारी एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावा: ‘एकदम कळ, पाठीत गेली, बी.पी. आहे, दोन्ही हात तपासा.’ घरातल्या शाळकरी पोरालाही ती वाचता येईल, आणि ऐन वेळी फोन बहुधा तेच करील.